बंद घराचं बिल

जूनमध्ये विजेचं बिल आलं तेव्हा मी आधी त्यावरचं नाव वाचलं. नाव सासऱ्यांचंच होतं. मग ग्राहक क्रमांक जुन्या बिलाशी ताडून पाहिला. तोही आमचाच. शेवटी चष्मा पुसला. आकडा होता तसाच राहिला, म्हणजे नेहमीच्या तिप्पट.

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ताप चढला की तो कुठून आला ते आधी बघायचं, हे मी नव्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवत आले. घरी मात्र मी थेट उपचार सुरू केले.

हिंगोलीत आमचं घर वस्तीच्या कडेला आहे. माणसं चार. मी, आडतीवर मुनीम असलेला नवरा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी लेक आणि एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. तिघांना मी एकाच ओळीत बसवलं आणि नियम सांगितले. पंखा एकाच खोलीत चालेल आणि सगळे त्याच खोलीत बसतील. कूलर बंद. टीव्ही बातम्यांपुरता. इस्त्री आठवड्यातून एकदाच. ज्या खोलीत माणूस नाही तिथं दिवा दिसला तर शेवटी बाहेर पडलेल्या माणसाचा चहा बंद.

"आन् शेवटी कोण बाहेर पडलं ते कसं कळंल?" नवऱ्यानं विचारलं.

"मला कळतं," मी म्हणाले.

आश्चर्य म्हणजे कोणीच कुरकुर केली नाही. मला वाटलं, माझा दरारा. चार-आठ दिवसांत घरात नवीनच शिस्त दिसायला लागली. दुपारचं जेवण झालं की मामा टोपी घालायचे आणि "जरा विहारात बसून येतो" म्हणून निघायचे. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून बोळ आहे, बोळाच्या पलीकडे वस्तीचा बुद्धविहार. लेक पुस्तकं उचलून त्याच विहारामागच्या अभ्यासिकेत जायला लागली. घरी म्हणे एकाग्रता होत नाही. पुढं आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होऊ लागलं, तेव्हा नवराही पांढरा सदरा घालून जायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला मी पुस्तकाच्या दिशेनं जाताना पहिल्यांदाच पाहत होते.

मी सगळ्यांचं कौतुक केलं. मनात म्हटलं, बिल वाढलं ते बरंच झालं, घर धम्माला लागलं. संध्याकाळी घरात मी एकटी. एका बल्बखाली भाजी निवडायची, घाम पुसायचा आणि पलीकडून लाऊडस्पीकरवर येणारं वाचन ऐकायचं. इतकी बचत माझ्या माहेरीसुद्धा कोणी केली नसेल.

जुलैचं बिल जूनपेक्षा जास्त आलं.

आता मात्र दोष मीटरचा, हे उघड होतं. मी रजा टाकून वीज कार्यालयात गेले. रांगेत माझ्या पुढचा माणूस सांगत होता की मीटर पळतंय. मागची बाई सांगत होती की मीटर पळतंय. आमच्यातल्या कोणाच्याच घरी काहीही जळत नव्हतं. रांग ऐकली असती तर कोणालाही वाटलं असतं की हिंगोलीत लोक अंधारातच राहतात.

तरी तिथल्या लोकांनी तक्रार घेतली आणि एक माणूस घरी पाठवला. त्यानं आपलं यंत्र जोडलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मीटर बराबर हाय, ताई."

"घरात काही चालूच नसतं हो."

"मंग भाईर बघा." एवढं बोलून तो चहा घेऊन गेला.

बाहेर म्हणजे चोरी. शेजारणीकडे उन्हाळ्यात नवा फ्रिज आला होता. आठवडाभर मी तिच्या भिंतीवरून आमच्याकडे काही वायर येते का ते बघत होते. ती बिचारी त्याच भिंतीवरून मला परसातली दोडकी देत होती. मी दोडकी घेत होते आणि वायर शोधत होते.

शेवटी मी दवाखान्यातली पद्धत वापरायचं ठरवलं. एका संध्याकाळी सगळे विहारात गेल्यावर घरातलं एक-एक बटण बंद केलं. फ्रिजची पिनसुद्धा काढली. घरात काळोख. पण मीटरवरचा लाल ठिपका मात्र ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा उडत होता. म्हणजे वीज आमच्या मीटरमधून कुठंतरी जात होती. मी मेन स्विच खाली ओढला.

त्याच क्षणी पलीकडे वाचणाऱ्या बाईंचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. घूं घूं असा जो आवाज मी दोन महिने वस्तीचा आवाज समजत होते तो थांबला. मग पोरांचा एकच गलका झाला.

मी मेन वर केला. वाचन सुरू झालं, घूं घूं सुरू झाली, पोरं "हेऽऽ" म्हणून ओरडली.

एका तपासणीवर निदान करू नये. मी पुन्हा मेन खाली केला. पुन्हा शांतता. पुन्हा वर केला. तिसऱ्यांदा खाली केला तेव्हा पलीकडून कोणीतरी ओरडलं, "अरे, कोन खेळून राहिलं रे त्या लाइटीशी?" तो आवाज माझ्या नवऱ्याचा होता.

वायर मला माहीत नव्हती असं नाही. विहार बांधला तेव्हा मामांनी आमच्या घरातून ती दिली होती. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. दोन बल्ब आणि पौर्णिमेला लाऊडस्पीकर, एवढ्यासाठी. ती इतकी जुनी झाली होती की भिंतीवरच्या भेगेसारखी दिसत असून दिसत नव्हती.

मी मेन वर करून, पदर खोचून विहारात गेले. लग्नकार्य आणि जयंती सोडून माझं तिकडं जाणं होत नाही, ड्युटीच तशी असते. त्यामुळे या उन्हाळ्यापासूनची प्रगती मी एकदम पाहिली. दोन बल्बांच्या जागी ट्यूबलाइटी. छताला आठ पंखे. कोपऱ्यात लग्नाच्या मांडवात ठेवतात तसला जंगी कूलर. मागं अभ्यासिकेत आणखी सहा पंखे आणि पिण्याच्या थंड पाण्याचं मशीन. आणि या सगळ्याच्या मध्यभागी माझं कुटुंब. मामा कूलरच्या बरोबर समोर भिंतीला टेकून, डोळे मिटून. नवरा शेवटच्या ओळीत, मोबाइल चार्जिंगला लावून, कानात वायर घालून क्रिकेट बघत. अभ्यासिकेच्या दारातून लेक दिसत होती. तिच्या डोक्यावर अख्खा एक पंखा होता.

माझ्या नियमांनी मी माणसं घरातून बाहेर काढली होती, आणि ती सगळी जाऊन आमच्याच मीटरवर बसली होती.

प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर पांढऱ्या रंगात नाव होतं. अमक्याच्या स्मरणार्थ, तमक्याकडून दान. कूलरवर तर अख्ख्या घराण्याची नावं होती. पंखा दान करायला आमच्याकडे लोक पुढं सरसावतात. वीज कोणी दान करत नाही, कारण विजेवर नाव लिहिता येत नाही.

रविवारी मी विहाराच्या बैठकीत विषय काढला. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. सगळं ऐकून घेऊन त्यांनी घसा साफ केला.

"ताई, तुमी शिकलेल्या. अभ्यासिका बंद करा म्हनता का?"

ही अडचण मला माहीत होती. आमच्या वस्तीत देवाच्या विरोधात बोललं तर टाळ्या मिळतात, पण अभ्यासाच्या विरोधात बोलणारी बाई अजून जन्मली नाही. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. फोटोखाली अभ्यासिकेतून नोकरीला लागलेल्या पोरांचे फोटो. मी बोलत असताना ते सगळे माझ्याकडेच बघत होते.

"अभ्यासिका बंद नका करू," मी म्हणाले. "विहाराच्या नावानं वेगळं मीटर घ्या. घरच्या मीटरवरून दुसरीकडे वीज देणं नियमातही बसत नाही, ते मी विचारून आले."

"दान दिल्यालं वापस घेनं बरं दिसंल का, माय?" एक म्हातारी मावशी म्हणाली.

"घेत नाही. पण मग असं करू. ज्याचं नाव ज्या पंख्यावर, त्यानं त्या पंख्याची वीज भरायची. कूलरवाल्यांनी कूलरची. पंखा फिरायला लागला की पुण्यही फिरतं."

कूलरवाले पहिल्या ओळीतच होते. त्यांच्यापैकी एकानं लगेच हात वर केला. "मीटरच बरं हाय, अध्यक्ष साहेब. रीतसर काम. महिन्याला घरटी वर्गणी लावू."

ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. विहाराच्या इतिहासात इतकं एकमत पहिल्यांदाच होत होतं.

मामांनी मात्र घरी आल्यावर टोपी खुंटीला लावली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती काढलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी वंदनेची वेळ झाली तरी ओसरीवर बसून राहिले. मी कूलर लावून दिला, त्यांनी उठून बंद केला.

"मामा, तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय."

"मग विहारात काहून जात नाही?"

त्यांनी खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाले, "विहार बांधला तवा कोनी रेती देली, कोनी इटा देल्या, कोनी पैसा देला. माझ्यापाशी कायीच नव्हतं. हे घर नुकतंच उभं केल्तं, खिसा खाली. पर वस्तीत मीटर आपलं एकट्याचं होतं. मी उजेड देला. समदे म्हने, कंडक्टर, तू त सगळ्यात मोठं देलं. आता मीटर त्यांचं. मंग माझं काय राहिलं तिथं?"

दवाखान्यात असे प्रश्न येतात तेव्हा मी बीपी बघते. त्यांचं बीपी पाहिलं. ठीक होतं.

विहाराचं मीटर यायला दोन महिने गेले. तेवढ्या काळातलं आमचं बिल आम्ही भरलं, मी ते न मोजता भरलं असं म्हणणार नाही. अश्विन पौर्णिमेच्या आधी मीटर बसलं आणि आमची वायर सोडवायला वायरमन शिडी घेऊन बोळात आला. मामा ओसरीवरून उठून शिडीपाशी जाऊन उभे राहिले. गाडी सुटायच्या आधी डेपोत उभे राहत असतील तसे हात मागं बांधून उभे होते. त्यानं वायर ओढली, गुंडाळली आणि विचारलं, "हिचं काय करू, काका?"

"ठिवा," मामा म्हणाले.

मी वर पाहिलं. आमची मागची भिंत आणि विहाराच्या पायऱ्या यांत बोळाएवढंच अंतर. पायऱ्यांवर अंधार असतो. पौर्णिमेला म्हाताऱ्या बायका चपला चाचपडत उतरतात, दोघीतिघींच्या पायाला मीच पट्ट्या बांधल्या आहेत.

"भाऊ, जाऊ नका," मी वायरमनला म्हणाले. "तीच वायर घ्या. आमच्याच भिंतीवर, बाहेरच्या अंगाला एक होल्डर बसवा. तोंड पायऱ्यांकडे. बटण आत, मामांच्या खाटेपाशी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "नियमात बसते का?"

"भिंत आपली, मीटर आपलं, बल्ब आपला. उजेड कुठं पडतो त्याचा नियम नाही."

नऊ वॅटचा एलईडी मी स्वतः आणला. त्या संध्याकाळपासून मामांचं काम ठरलं. वंदनेच्या आधी बटण दाबायचं, मग टोपी घालायची, बोळातून वळसा घेऊन जायचं आणि पायऱ्यांवर उजेड पडलाय ना ते बघून मगच वर चढायचं. वर चढताना कोणी ना कोणी म्हणतंच, "कंडक्टर, उजेड बरा पडतोय." मी घराचे नियम सैल केले, लेक आणि मामा तरीही तिकडंच जातात. नवरा मात्र घरी क्रिकेट बघायला लागला. धम्माचा आणि त्याचा संबंध कूलरपुरताच होता.

पुढचं बिल आलं ते पूर्वीसारखं. मी ते मुद्दाम ओसरीवर मोठ्यानं वाचलं.

"यात माझ्या बल्बाचं किती?" मामांनी विचारलं.

मी हिशेब करून सांगितलं. महिन्याला एका हाफ चहाइतकंही होत नव्हतं. मला वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला.

"एवढंच?"

"एलईडी आहे, मामा. वीज वाचते."

"व्हय," ते म्हणाले आणि टोपी घालून बाजाराकडे गेले.

संध्याकाळी मी ड्युटीवरून आले तर बोळ दुपारसारखा उजळला होता. भिंतीवर लग्नाच्या मांडवातला असावा तसा फोकस. पायऱ्या, चपला, पायऱ्यांवर झोपलेलं कुत्रं, सगळं लख्ख. विहारात चढणारी माणसं डोळ्यांवर हात धरून आमच्या भिंतीकडे बघत होती. मामा पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे राहून त्यांना बघत होते.

मी वॅट विचारले नाहीत. फोकस सकाळी आठवणीनं बंद करायचा, एवढंच बजावलं. ते विसरतात. ड्युटीवर जाताना मी बंद करते.