उपडा जार

चिक्कडपल्लीच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारे काका प्रत्येक जार पुसून उजेडात धरून बघतात. "नक्को घाई, मॅडम," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

माझा पहिलाच तास बघायला प्रिन्सिपल मागे बसल्या होत्या. धुमसती काडी ऑक्सिजनमध्ये पेटली, कार्बन डायऑक्साइडमध्ये विझली. मग हायड्रोजनचा जार सरळच ठेवून मी झाकण काढायला गेले. एवढा हलका वायू, लगेच उडून गेला असता.

काकांनी माझ्या हातून जार घेतला आणि उपडा धरला. "हा उपडा ठेवा म्हणून कालच बोलल्या तुम्ही, मॅडम. मीच भूललो."

मुलं त्यांना हसली. पेटती काडी नेताच फट् आवाज झाला. प्रिन्सिपलनी मान डोलावली.

काल मी काकांना लाजून साधा नमस्कारही केला नव्हता.