दप्तरखान्यातला कूड

परवा सून म्हणाली, "बाबा, तुमच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे दोन भाग करून देऊ का? एकात मशीनचं सामान, दुसऱ्यात तुमचं लिखाण. एक बिघडलं तरी दुसरं वाचेल." बिचारी भल्यासाठीच बोलत होती. मी मात्र असा खेकसलो, की तिच्या हातातला चहा हिंदकळला. म्हटलं, आधी माझं सगळं दुसरीकडे उतरवून ठेव आणि मग काय भिंती घालायच्या त्या घाल. त्याआधी हात लावशील तर खबरदार! ती म्हणाली, "एवढं काय चिडता?" चिडतो, कारण अशाच एका भिंतीनं माझ्या मावशीचं वावर खाल्लं, आणि ती भिंत मी घातली होती.

साठ-एकसष्टची गोष्ट. मॅट्रिक झालो आणि अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत दप्तर सांभाळायला लागलो. गावाचं नाव सांगत नाही. आमच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. घरात बुद्धाची तसबीर येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मान वर करून चालायची सवय नवी होती आणि ती मान अजून दुखत होती.

माझ्यावर हेडक्लार्क होते, अमरावतीहून बदलून आलेले. सगळे त्यांना मोठे बाबू म्हणायचे. मला तो माणूस तेव्हाही सहन होत नव्हता आणि आजही होत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला समजूतदारपणा शिकवायला येऊ नये. कचेरीत चपराशालासुद्धा 'तुम्ही' म्हणायचे, मला 'तू'. माझ्याकडून फाईल हातात घ्यायचे नाहीत. टेबलाकडे बोट दाखवायचे. मी ती अशी आपटायचो, की दौतीतली शाई सांडायची.

आता मावशी. माझ्या आईची धाकटी बहीण, नवरा गेलेला, पोर नाही. अडीच एकर काळी जमीन तेवढी तिची. दीर म्हणायचा, जमीन बापजाद्यांची आहे, ती माझी. खरं तर ती मावशीच्या नवऱ्यानं स्वतः विकत घेतली होती. पण खरेदीचा कागद घराला आग लागली त्यात जळाला. उरली होती फक्त नोंद, आमच्या दप्तरखान्यातल्या एका जुन्या बुकात. दिवाळीनंतर दाव्याची तारीख होती आणि त्या नोंदीची नक्कल कोर्टात दाखवली नाही, तर वावर गेलं. दर बाजाराच्या दिवशी मावशी कचेरीच्या ओट्यावर येऊन बसायची आणि विचारायची, "सापडलं काय रे बापू?"

कुठून सापडणार? एकच लांबलचक खोली. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लाल फडक्यात बांधलेले बस्ते, आणि त्यांत जुनं-नवं सगळं एकात एक. चालू कामाचा कागद शोधायला जो आत जाई, तो दहा जुने बस्ते उपसून तसेच टाकून येई. शेवटी तहसीलदारसाहेब वैतागले. म्हणाले, खोलीत आडवी भिंत घाला. एका बाजूला चालू, एका बाजूला जुनं.

झालं, भिंत कुठं घालायची यावरून आमची जुंपली. बाबूंचं म्हणणं, चालू दप्तर रोज वाढतं, त्याला दोन हिस्से जागा द्या, जुन्याला एक. मी म्हटलं, आजचं चालू ते उद्याचं जुनं, मग ते काय डोक्यावर ठेवता? निम्मं-निम्मं करा. ते खडूनं फरशीवर रेघ मारायचे आणि मी चपलेनं पुसायचो. आठ दिवस हा तमाशा चालला. साहेबांनी एकदाचा माझ्या बाजूनं कौल दिला, आणि मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

मग प्रश्न, भिंत कशाची? विटांची मंजुरी अकोल्याहून यायला वर्ष गेलं असतं. बाबू म्हणाले, लाकडी फळ्या ठोका. मी म्हटलं, कूड घाला. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीनं लिंपायचं. आमच्याकडे सगळी घरं त्याचीच होती, आणि माझ्या बापासारखा कूड पंचक्रोशीत कुणी घालत नव्हतं. बाबू म्हणाले, "वाळवी लागेल. आणि ही कचेरी आहे, तुमचा मोहल्ला नव्हे." दुसरं वाक्य ऐकलं आणि माझं टाळकंच सरकलं. पहिलं वाक्य कानात शिरलंच नाही. तिथल्या तिथं ठरवलं, आता भिंत होईल तर कुडाचीच. साहेबांना काय, फुकटात होत होतं. ते हो म्हणाले.

माझा बा आला. खोली न्याहाळली आणि म्हणाला, "इथं चूल नाही काय रे?"

मी हसलो. "हापिसात चूल कायले पाहिजे बा?"

तो खाली बसून पऱ्हाट्या बांधायला लागला.

त्याआधी सगळे बस्ते व्हरांड्यात काढले होते. ते लावता लावता मावशीचं बुक हाती आलं! नोंद मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. मावशीच्या नवऱ्याचं नाव, वावराचा नंबर, विकणाऱ्याचा अंगठा, सगळं जिथल्या तिथं. मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो. मागं बाबू कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी वाकून वाचलं. त्यांना मावशी माहीत होती, दर बाजारी दिसायचीच. म्हणाले, "नक्कल आत्ताच काढून घे. मी सही करतो. दप्तर हलतंय, काही सांगता येत नाही."

मला वाटलं, हा डाव आहे. अर्ज नसताना नातेवाइकाचं काम केलं, असा उद्या रिपोर्ट जाईल आणि माझी नोकरी जाईल. त्या माणसानं मला आजवर एक गोष्ट सरळ दिली नव्हती, मग हीच का देईल? मी ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, "रीतसर अर्ज येईन तवाच नक्कल निघन. कायदा मलेही समजते."

"तुझी मर्जी," ते म्हणाले आणि गेले.

बुक मी जुन्या बाजूला ठेवलं, नव्या कुडाला लागून, खालच्या फळीवर, म्हणजे पटकन हाती यावं. कुलूप लावलं, किल्ली कमरेला. मावशीला सांगितलं, "आता बिनघोर राय. पेरणी-निंदण उरक, दसरा झाला की अर्ज घेऊन ये." घाई कशाला? सगळं कसं सुतासारखं सरळ झालं होतं. चालू कामाला जुन्या बाजूची गरजच पडेना. पावसाळाभर मी ते कुलूप उघडलं नाही, आणि याचाच मला अभिमान वाटत होता.

दसऱ्यानंतर मावशी अर्ज घेऊन आली. तिला ओट्यावर बसवून मी कुलूप काढलं. आत ओल्या मातीचा वास. कुडावरून मातीच्या नळ्या फळ्यांवर उतरल्या होत्या. बुकाचं पुठ्ठ्याचं आवरण जसंच्या तसं होतं. उघडलं, तर आत पानं नव्हती. माती होती, आणि तीत पांढरी उधई, बाबूंनी सांगितलेली तीच वाळवी, वळवळत होती.

घरचा कूड वर्षानुवर्षं टिकतो, कारण घरात दोन वेळ चूल पेटते आणि पऱ्हाट्यांना धूर लागतो. बाई आठ दिवसांनी लिंपते, कुठं नळी दिसली की हातानं मोडते. मी घराची भिंत आणली आणि बिनधुराच्या खोलीत उभी करून कुलूप घातलं. माझ्या बापाला हे ठाऊक होतं. त्यानं विचारलंही होतं, आणि मी शहाणा हसलो होतो.

बाबू दारात आले. ते पाहिलं आणि एक शब्द न बोलता परत गेले. 'मी सांगितलं होतं' एवढं तरी म्हणायचं होतं! मला भांडता आलं असतं. त्या गप्प राहण्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. सुंभ जळाला, पीळ काही जात नाही.

मावशीपासून मी काही लपवलं नाही. बाबू नक्कल देत होते, हेही सांगितलं.

"मंग काहून नाही घेतली?"

"राग आला होता त्यायचा."

ती अर्जाची घडी करून कमरेला खोचत उठली आणि निघून गेली. दावा ती हरली. पुढच्या हंगामात दिरानं त्याच वावरात तिला मजुरीनं कापूस वेचायला ठेवली. कळलं तसा मी धावत गेलो. बांधावर उभा राहून म्हटलं, "मावशी, चाल घरी. मी हाओ ना, मी पोसतो तुले."

तिनं ओटीतला कापूस दाबून बसवला. माझ्याकडं पाहिलं नाही.

"राग तुह्या होता बापू," ती म्हणाली, "वावर माह्यं गेलं."

आणि वेचत वेचत पुढच्या झाडाकडं सरकली.