मर्विनने पाइन तोडले

माझ्या बहिणीचा नवरा मर्विन क्रॅडॉक मेंढ्यांच्या बाबतीत हुशार आणि माणसांच्या बाबतीत भोळा. गुलबर्नच्या दक्षिणेला आमचं बुराडिन. इथे दर निवडणुकीला सिडनीची वेगवान रेल्वेगाडी येते, म्हणजे पत्रकात येते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. बाकीचं गाव ऐकतं, हसतं आणि कामाला लागतं. मर्विनला मात्र ती गाडी हवीच होती. त्याची एकुलती एक लेक रोवेना सिडनीला नर्स आहे. एकदा फोनवर ती बोलून गेली, "बाबा, तासाभरात पोचता आलं ना, तर मी घरूनच जाऊन-येऊन नोकरी करीन." झालं! त्या दिवसापासून गडी बदलला.

मागच्या खेपेला सर्वेवाले आले आणि त्याच्या टेकडीवर खुंट्या ठोकून गेले, त्याही नेमक्या पाइनच्या रांगेतून. ती रांग मर्विनच्या बापानं दक्षिणेचा वारा अडवायला लावलेली. तिथेच उभं राहून मंत्रिमहाशयांनी फोटो काढून घेतले आणि सांगितलं, "वर्षभरात काम सुरू." मर्विननं करवत बाहेर काढली.

"दाजी, वेड लागलंय का? त्यांची गाडी, त्यांना तोडू दे की झाडं!" मी म्हणालो.

"आपल्यामुळे उशीर नको व्हायला."

"उशीर? त्यांच्याकडे अजून रुळाचा तुकडा नाही!"

"तू मेला कायम कडूच बोलणार, डग्लस."

असेन मी कडू. पाइनची रांग आडवी झाली. त्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्या हिवाळ्यात, मेंढ्या कातरल्या आणि दुसऱ्याच दिवशी पावसासकट दक्षिणेचा वारा सुटला. अंगावर लोकर नाही, टेकडीवर आडोसा नाही. मेंढ्या कुंपणाशी एकमेकींवर चढल्या आणि गारठून मेल्या. निम्मा कळप गेला. आम्ही दोघांनी ट्रॅक्टरनं खड्डा करून त्या पुरल्या. त्या मंत्र्याला बोलावून एकेक मेंढी उचलायला लावावी, असं मला वाटत होतं. पण तो तोवर दुसऱ्या खात्यात गेला होता आणि गाडीचा म्हणे नव्यानं अभ्यास चालू होता.

परवाच्या शनिवारी पुन्हा मतदान झालं. मतदान शाळेत, आणि मतदारांना सॉसेज-पाव विकायची आमच्याकडे रीतच; शाळेच्या अंगणात मी नेहमीसारखा सॉसेज भाजत होतो आणि माझी बहीण थेल्मा पावावर कांदा घालून देत होती. टेकडीवर लावायला म्हणून तिनं मर्विनला पाइनची रोपं विकत घ्यायला लावली होती, ती त्यांच्या मोटारीत मागे ठेवलेली. एवढ्यात नवा उमेदवार आला; आमच्याकडे मतदानाच्या दिवशीही दारात प्रचार चालतो. त्याच्या करकरीत बुटांना चिखल माहीत नव्हता. मतदानाच्या रांगेतूनच मर्विननं त्याला हाक मारली.

"साहेब, पाइनला आडोसा धरायला वीसेक वर्षं लागतात. तुमची गाडी त्याआधी येईल का?"

"वीस वर्षं? अहो काका, पहिल्या गाडीत तुम्हालाच बसवतो!"

मर्विनचा चेहरा उजळला. माझ्या हातात तापलेला चिमटा होता आणि तो कुठे हाणावा, एवढाच प्रश्न होता.

"थेल्मा, ती रोपं शाळेला देऊन टाकू," तो म्हणाला. "आणि रोवेनाला फोन कर."

थेल्मानं कांद्याचा डाव खाली ठेवला.

"मर्विन, तिनं तिकडे घर घेतलंय. तुला सांगायचा मला धीर झाला नाही. गाडी आली तरी ती नाही यायची रे आता."

उमेदवार पुढच्या माणसाशी हात मिळवायला सटकला. रांग सरकली. आमच्या देशात मत न देण्याची सोय नाही, दंड होतो. मर्विन टोपी काढून आत गेला.