आमच्या टेकाडाची झीज आणि माझी

आमच्याकडे गच्चीवर चार माणसं जमली की माझा एक तरी किस्सा निघतोच. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. गाळाचे थर कसे साचतात ते मुलांना फळ्यावर काढून दाखवते, आणि इकडे विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत माझ्याच फजितीचे थर साचत चाललेत. दुसऱ्यांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं!

*

आमची बिल्डिंग टेकाडावर. मागची कंपाउंड वॉल जरा कललेली दिसली, तेव्हा चेअरमन शिर्केकाकांनी मीटिंगमध्ये माझं मत विचारलं. झालं! जमिनीची झीज या विषयावर मी अख्खं लेक्चरच दिलं. शेवटी मी म्हणाले, "काका, डोंगर झिजायला हजारो वर्षं लागतात. टेन्शन कशाला घेता?"

त्याच श्रावणात एका सकाळी काकांचा फोन आला.

"मॅडम, हजारो वर्षं झाली. खाली या."

भिंतीखालची माती पावसानं धुऊन नेली होती आणि भिंत आडवी झाली होती. नेमकी माझ्या स्कूटरवर.

*

आमच्या बाथरूमच्या भिंतीत बाहेरून पिंपळाचं रोप उगवलं. नवरा उपटायला निघाला, तर मीच त्याचा हात धरला. "मुळं दगड कशी फोडतात, त्याचा जिवंत नमुना आहे! मुलांना दाखवायचाय."

मुलांना दाखवला, फोटो काढले, पावसाळे गेले. एक दिवस अंघोळीला गेलेला नवरा आतून ओरडला, "अगं, तुझा नमुना आत आलाय! आधी टॉवेल दे!"

*

कर्नाळ्याच्या बाजूनं आणलेला एक दगड माझा फार लाडका. काळा दगड ऊनपावसात झिजताना कधीकधी त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, तसा तो होता. मी तो बाल्कनीत मांडून ठेवला होता.

आमच्याकडे कामाला येणारी सुमन टेकाडाखालच्या वाडीतली. एका सकाळी बघते तर बाल्कनीत नुसता गुळगुळीत गोळा!

"बाई, वरून पार सडला व्हता," सुमन म्हणाली. "तारेच्या घासनीनं घासला. आतून चांगला निंगाला!"

एवढ्या वेगानं झीज झाल्याचं उदाहरण माझ्या एकाही पुस्तकात नाही.

*

या सुमनच्या सासऱ्यांची, म्हणजे बाळारामदादांची, विहीर दर उन्हाळ्यात आटायची. मग लांबून हंडे आणून ती उशिरा यायची. आमचे हालही तेच, फक्त हंड्याच्या जागी टँकर. म्हणून बोअर मारायचं ठरलं आणि जागा अर्थातच मी दाखवली.

दिवसभर मशीन धडधडलं. धूळ निघाली. "अजून थोडं खाली," मी म्हणत राहिले. अजून धूळ निघाली. सोसायटीतल्या सगळ्या गाड्या धुळीनं माखल्या.

शिर्केकाका म्हणाले, "पाणी नाही तर नाही, रांगोळीची सोय झाली!"

मला खरंच रडू आलं. त्या भरात सगळ्यांसमोर बोलून बसले, "यंदा गच्चीचं पावसाचं पाणी बोअरशेजारी खड्डा करून जमिनीत जिरवू. पुढच्या उन्हाळ्यात टँकर बंद! नाही झाला, तर मीटिंगमध्ये पुन्हा तोंड उघडणार नाही."

*

पावसाळाभर गच्चीचं पाणी गटागटा खड्ड्यात गेलं. मी छत्री घेऊन बघत उभी राहायचे. इतकं समाधान मला पीएचडी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

मे महिन्यात सगळे बोअरपाशी जमले. शिर्केकाकांनी नारळ फोडला, दोरीनं डबा आत सोडला. डबा कोरडाच वर आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तर बोलणारच नव्हते.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. हार घातलेला नवाकोरा टँकर उभा, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन बाळारामदादा उतरतायत!

"बाई, आमची हीर दरसाल आटायची. यंदा मे आला तरी भरलेली हाय! कसा काय, कुनाला ठाव नाय. मंग पोरानं टँकरच घेतला. सुमन बोलली, पयली खेप बाईंच्या सोसायटीला!"

शिर्केकाकांनी गच्चीवरून खड्ड्यात उतरणारा पाइप पाहिला. मग टेकाडाचा उतार पाहिला. मग टँकरचा नळ सोडून ओंजळभर पाणी प्यायले.

"मॅडम," ते म्हणाले, "चव आपल्या गच्चीची वाटते."