कोऱ्या ओळीवरची सही

आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी अक्काला फसवलं, आणि फसवायला माझी सही वापरली. यात पैशाचा काही संबंध नाही. असता तर मी तो वसूल करून केव्हाच गप्प बसलो असतो.

अक्का म्हणजे चामराजपेटेतल्या आमच्या शिंपी अण्णांची बायको. आमची मराठी घरं इथे कन्नड मुलखात तीन-चार पिढ्यांची, त्यामुळे नात्यात नसला तरी मोठा तो अण्णा आणि मोठी ती अक्का. वडील गेल्यावर शाळा सोडून मी बटणं विकायला बसलो तो या अण्णांच्या दुकानाच्या पायरीवर. "बस, पण माझ्या गिऱ्हाइकांशी भांडू नकोस," एवढीच त्यांची अट होती. ती मी एक दिवसही पाळली नाही, आणि त्यांनी मला कधी उठवलं नाही. आज बटणं आणि झिपांचा माझा घाऊक धंदा आहे.

म्हातारपणी अण्णांना दमा जडला. आमच्या गल्ल्यांत मोठी अँब्युलन्स वळत नाही, म्हणून मंडळाने एक जुनी छोटी व्हॅन घेतली. सौदा मी केला. विकणारा शेवटी हात जोडून म्हणाला, "न्या सार, पण परत माझ्या दारात येऊ नका." ती चालवायला आम्ही आठ-दहा जण पाळीने, फुकट. सेक्रेटरी मात्र पुण्याचे, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी सगळ्याला शिस्त लावली. गाडीत काय काय हवं त्याची प्लॅस्टिक चढवलेली यादी केली, किल्लीच्या खिळ्याखाली रजिस्टर ठेवलं. किल्ली घेताना पुढच्या कोऱ्या ओळीत सही करायची. फेरीचा तपशील नंतर ते स्वतः भरत, कारण आमचं अक्षर त्यांना लागत नसे. धंद्यात मी कोऱ्या कागदावर कधी सही केलेली नाही. इथे मात्र दर फेरीला करत होतो.

खंडेनवमीला इथे घरोघर आणि दुकानोदुकान आयुधपूजा असते. ज्याचं ज्यावर पोट, त्याची तो पूजा करतो. माझी वजनं, अण्णांची कात्री. देवापुढे मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. त्या सकाळी पाळी माझी होती. मंडळाच्या हॉलसमोर व्हॅन धुऊन उभी होती, पुढे दोन केळीचे खुंट बांधलेले, काचेवर झेंडूची माळ. एवढ्यात अक्काचा फोन आला.

"अण्णाला श्वास मिळेना रे. स्वल्प लवकर ये."

मी पळत गेलो, सही केली, किल्ली घेतली आणि खुंट उपटायला लागलो. सेक्रेटरी सोवळ्यात बाहेर आले.

"अहो शेठ, हे काय? अजून कोहळा फोडायचाय. दहा मिनिटं थांबा."

"अण्णांना सांगू का थांबायला? श्वास धरून ठेवा म्हणून?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"ऑक्सिजनचं सिलिंडर आत आहे ना?"

"आहे हो, सगळं आहे. यादीवर खूण केलीय मी."

मागचं दार उघडून बघायला किती वेळ लागला असता? पण मी रागात होतो, आणि रागात मला नेहमी वाटतं की समोरच्याचंच चुकलंय.

अण्णांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. माझ्याबरोबर आमच्यातलाच एक बँकेतला कारकून होता. अक्काचे गुडघे गेलेले, तिला गाडीत चढता येईना. ती शेजारणीबरोबर रिक्षाने मागून निघाली. मी गाडी काढली. मार्केटच्या रस्त्यावर सगळीकडे सजवलेल्या रिक्षा, टेम्पो, फुटलेल्या कोहळ्यांचा चिखल. मी हॉर्नवरचा हात काढला नाही.

मागून कारकून ओरडला, "शेठ, सिलिंडर कुठाय?"

"डाव्या हाताला, पट्ट्यात."

"पट्टा आहे. सिलिंडर नाही."

आरशात मला अण्णांचं तोंड दिसत होतं. मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं. कारकुनाला काही सुचेना, त्याने भिंतीवरची ती प्लॅस्टिकची यादी ओढून काढली आणि तिने वारा घालायला लागला. त्यावर प्राणवायूसमोर बरोबरची खूण होती. आदल्या दिवशीची.

हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरने कन्नडमध्ये विचारलं, रस्त्यात ऑक्सिजन दिला का? मी नाही म्हणालो. अण्णा तिसऱ्या दिवशी गेले. सिलिंडर असतं तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. ते कुणालाच ठाऊक नाही.

खंडेनवमीच्या त्या दुपारी मी हॉलमध्ये परतलो तेव्हा सिलिंडर देवापुढे चौरंगावर होतं. हळदकुंकू लावलेलं, गळ्यात हार, वरून मास्क लोंबत होता. आदल्या संध्याकाळी खूण करून झाल्यावर सेक्रेटरींनीच ते तिथे नेलं होतं. आपलं आयुध हेच, असं त्यांना वाटलं. सकाळी मी विचारलं तेव्हा ते त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर होतं. "लक्षातच आलं नाही हो," ते म्हणाले. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी चार शिव्या घालून विसरलो असतो. चूक माझीही होती. दार मी उघडलं नव्हतं.

तेराव्याला सेक्रेटरी रजिस्टर काखेत घेऊन अक्काकडे आले. "वहिनी, आमच्याकडून काही कमी पडलं नाही. हे बघा, रस्ताभर ऑक्सिजन चालू होता." त्यांच्या सुंदर अक्षरापुढे, ओळीच्या टोकाला, माझी सही होती.

अक्काने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "तू होतास म्हणून रे. नाहीतर रस्त्यातच गुदमरून गेले असते."

मी कॉफी प्यायलो. आयुष्यभर ज्याने कुणाचं ऐकून घेतलं नाही, तो मी खाली मान घालून कॉफी प्यायलो.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. "ती ओळ खोडा."

"शेठ, मंडळाचं नाव जाईल. उद्या कोण बोलावेल आपली गाडी? आणि त्या माउलीला एक समाधान मिळालंय, ते का काढून घेता?"

"खोडा म्हणतो ना!"

"सही तुमची आहे," ते शांतपणे म्हणाले.

मी बाजारात मोठमोठ्यांना खाली आणलंय. पण सही खरंच माझी होती. कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला, "शेठ, सोडा ना आता." मी अजून अक्काकडे जातो. ती दर वेळी तेच म्हणते, आणि मी दर वेळी पायरीकडे बघत बसतो.

म्हणून हे लिहितोय. मंडळाची वार्षिक सभा यंदाच्या खंडेनवमीच्या आधी आहे. अक्काला मी स्वतः रिक्षाने घेऊन येईन आणि पुढच्या खुर्चीवर बसवीन. दार न उघडल्याचं आणि कोऱ्या ओळीवरच्या सहीचं उत्तर मी तिला उभा राहून देईन. तिने मला पायरीवरून उठवलं तरी चालेल. मग सेक्रेटरीसाहेब, ती ओळ तुम्ही तिच्यासमोर मोठ्याने वाचायची, आणि त्या वेळी सिलिंडर कुठे होतं ते तिला सांगायचं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून. बोला, येताय?