साडूंची कुरकुर

माझ्या साडूंइतकं निरुपयोगी ज्ञान डोक्यात साठवणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तेवढ्या भांडवलावर इतकं प्रेम मिळवणाराही नसेल. यातला दुसरा भाग लिहिताना मला त्रास होतो, हे आधीच सांगून टाकतो. मी थोरला जावई. सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली. सोनईला सासुरवाडीत गेलो की पहिला पाट माझा, पहिलं ताट माझं; पण ते वाढून झालं की सगळी मंडळी उठून जातात ती साडूंच्या भोवती. माझी स्वतःची दोन्ही मुलं त्यांना चिकटून बसतात आणि माझी पत्नी त्यांच्या बोलण्यावर तोंडाला पदर लावून हसते. लग्नाला सतरा वर्षं झाली. माझ्या एखाद्या वाक्यावर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही.

साडू कोल्हारला रेडिओ दुरुस्त करतात. दुरुस्ती एका दिवसात होते, पण सेट मालकाला दोन महिन्यांनी मिळतो, कारण मधल्या काळात साडू त्यावर परदेशी केंद्रं लावून 'चाचणी' घेत असतात. आवाज खरखरत आला तर त्यांना जास्तच आनंद होतो, म्हणजे केंद्र तेवढं लांबचं. मग ते त्या केंद्राला पत्र टाकतात, आणि तिकडून कॅलेंडर, चित्रं, कसली कसली पुस्तकं येतात. पोस्टमन ती पाकिटं दुकानात द्यायच्या आधी अर्ध्या बाजाराला तिकिटं दाखवून येतो. मला बावीस वर्षांत कचेरीच्या आणि नातेवाइकांच्या पत्रांखेरीज काही आलेलं नाही. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर साडूंनी कुठल्याशा केंद्राकडे रशियन भाषेचे धडे मागवले. तिथे काय घोटाळा झाला देव जाणे, पण पुस्तक आलं ते लॅटव्हियन भाषेचं, नवशिक्यांसाठी. दुसऱ्या कोणी ते परत पाठवलं असतं. साडू म्हणाले, "राहू दे. आली ती भाषा आपली."

सोनईत त्यांनी ही बातमी जाहीर केली तेव्हा सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "लातूरची भाषा शिकायला पुस्तक कशाला लागतंय? माझी मावसबहीन दिल्याली हाय की लातूरला. ती तर आपल्यावानीच बोलती."

"मामी, लातूर नव्हे, लॅटव्हिया. लई लांब, बर्फात."

"मग तितं कोन दिलंय आपलं?" सासूबाईंनी विचारलं आणि पुन्हा ज्वारी निवडायला घेतली.

साडूंचं कुठलंही ज्ञान पहिल्या धड्याच्या पुढे जात नाही. या पुस्तकाचा पहिला धडा होता वस्तू कुठे आहे ते विचारण्याचा. 'कुर इर' म्हणजे कुठे आहे. जवळ असली तर उत्तर 'शेइत', म्हणजे इथे. लांब असली तर 'तुर', म्हणजे तिथे. एवढ्या सामग्रीवर साडू सहा महिने जगले. वस्तूंची लॅटव्हियन नावं आठवली नाहीत तर मराठी घालून भागवायचे. प्रवरेच्या पुलाच्या मधोमध उभं राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुर इर पूल?" असं विचारत आणि कोणी चक्रावून बघितलं की पायाखाली बोट दाखवून स्वतःच "शेइत!" म्हणत. एसटीत कंडक्टरला विचारलं, "कुर इर तिकीट?" कंडक्टर म्हणाला, "आधी सुट्टे काढा, मग कुरकुर करा." तेव्हापासून घरात त्या भाषेचं नावच कुरकुर पडलं. आमच्या धाकट्याने एक दिवस पाढे सोडून माझ्यापुढे कुरकुर म्हणून दाखवली. मी त्याला रागावलो. पत्नी म्हणाली, "अहो, तुम्हाला येत नाही म्हणून चिडता होय?" हे खोटं होतं असं मला म्हणता येत नाही.

बाहत्तरच्या उन्हाळ्यात सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सारखं बोलत राहा, उत्तर द्यायला लावा, शब्द परत येतील. मी ते काम मनावर घेतलं. दर शनिवारी दुपारी मी सोनईला पोचायचो, औषधाच्या वेळा लिहायचो, नाडी मोजायचो आणि क्रमाने प्रश्न विचारायचो. मामा, आज वार कोणता? पाच आणि सात किती? मामा भिंतीकडे तोंड फिरवायचे. मला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता. लग्नात माझा हात धरून "आता तुमीच आमचं थोरलं," असं म्हणालेला तो माणूस होता.

चौऱ्याहत्तराव्या दिवशी साडू आले. पलंगापाशी बसून त्यांनी आपली नेहमीची कुरकुर सुरू केली. "मामा, कुर इर चष्मा?" चष्मा समोरच्या फळीवर होता. मामांनी डावा हात उचलला, फळीकडे केला आणि म्हणाले, "तूर."

सासूबाईंच्या हातातलं सूप पडलं. माझी पत्नी रडायला लागली. साडू ओरडले, "मामांना लॅटव्हियन आली!"

मी म्हणालो, उगाच काही बोलू नका. ज्या माणसाने पन्नास वर्षं तूर पेरली, त्याच्या तोंडी पहिला शब्द तूर येणारच. पुढे ते 'शेत'ही म्हणू लागले तेव्हा मी म्हणालो, बघा, शेतकऱ्याचे शब्द आहेत. पण तपासल्याशिवाय विधान करायची मला सवय नाही. तीन रविवार मी कागदावर रकाने आखून बसलो. साडू विचारत, मामा सांगत, मी लिहीत होतो. शेवटी पत्नीला सांगून उशाजवळचा तांब्या मधेच उचलून दारापाशी ठेवायला लावला. आधी "कुर इर तांब्या?"ला उत्तर आलं होतं "शेत." तांब्या हलवल्यावर उत्तर आलं, "तूर." अठ्ठेचाळीस प्रश्नांपैकी त्रेचाळीस बरोबर. मी बेरीज दोनदा केली आणि कागद साडूंच्या हातात दिला. त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. ते इतकंच म्हणाले, "साडूभाऊ, मामांचा उच्चार माझ्याहून चांगला आहे."

मग सगळं घरच कुरकुरायला लागलं. सासूबाई विचारायच्या, "आवं, कुर इर माझी डबी?" आणि मामा सांगायचे. मुलं विचारायची. एकटा मी मराठीत विचारत राहिलो, "मामा, तांब्या कुठे आहे?" ते डोळे मिटून घ्यायचे.

श्रावणातल्या एका शनिवारी बायका परसात होत्या, साडू अजून यायचे होते. मी मामांचा डावा हात हातात घेऊन नाडी मोजली. शहात्तर. मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणालो, "मामा, कुर इर जावई?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग हात माझ्या हातातून काढून घेतला, उचलला आणि दाराबाहेर, कोल्हारची एसटी जिकडून येते त्या रस्त्याकडे दाखवला.

"तूर," ते म्हणाले.

उत्तर बरोबर होतं. साडू त्या वेळी त्याच रस्त्यावर होते. चूक असलीच तर प्रश्नाची होती. दोन जावई असताना कोणता, ते मी म्हटलं नव्हतं. मी रस्त्याकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. तेवढ्यात मामांचा हात खाली आला. तो चादरीवर थांबला नाही. चाचपडत माझ्या तळहातावर आला आणि तिथेच राहिला. नाडी तर मोजून झाली होती.