दादाची जाड पिक

माझा दादा दारू पीत नव्हता.

एक थेंब नाही. कधीच नाही. दादाला जाऊन आज वर्ष झालं, आणि आजही हे मलाच सांगावं लागून राह्यलं.

कारण सकाळी उठून मोबाइल पाहिला तर गायकसाहेबांची पोस्ट. दादाच्या फोटोचा व्हिडिओ, कोपऱ्यात मेणबत्ती, आणि खाली लिहिलेलं: "दारूनं आमचा हिरा नेला."

वा रे वा, गायकसाहेब!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मीही इथंच पोस्ट लिहून सांगते. जयंतीच्या सीझनला आदिलाबादच्या गावोगावी भीमगीतं गाणारी यांची पार्टी आहे. माझा दादा त्यात गिटार वाजवायचा. पार्टी सुरू झाली तेव्हापासून.

दादाची एक खोड होती. तार छेडायची पिक त्याला जाडच लागायची.

बाकीचे सगळे प्लास्टिकची पातळ पिक वापरतात. ती वाकते, हात थकत नाही, कोरसच्या मागं छान खुळखुळते. दादाला ती आवडायचीच नाही. "पातळ पिक म्हंजे तारेले गुदगुल्या करनं होय," म्हणायचा.

त्याची पिक म्हशीच्या शिंगाची. स्वतः पॉलिशपेपरनं घासून केलेली. टोकानं नाही, तिच्या बाजूच्या गोल कडेनं वाजवायचा. त्यामुळं सूर असा भरलेला, गोल यायचा. आम्ही घरात त्याला 'दादाचा आवाज' म्हणायचो.

गायकसाहेब चिडवायचे, "काऊन रे भाऊ, गिटार वाजवतो का कुदळ चालवतो?"

दादा हसायचा. त्याचं हसणंही तसंच होतं, मोकळं. माणसं ओळखता आली नाहीत त्याला.

मग त्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. बोटांत पकड राहीना. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, नसांचा आजार आहे, वाढत जाणार.

वहिनी म्हणाली, "आता तरी पातळ घ्या न, हाताले आराम पडते."

"त्यात मी नाई वाजत," दादा म्हणाला. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यानं पिकला चिकटवला, निसटू नये म्हणून.

त्याच दिवसांत गायकसाहेब घरी आले. फार प्रेमानं. वहिनीच्या हातचे पोहे खाल्ले. "भाऊ, तुहा हात चालते तोवर सगळे गाने रेकॉर्ड करून ठेव. नवीन पोट्टे ऐकून शिकतीन."

दादानं सगळी गाणी वाजवून दिली. हात दुखला की थांबायचा, शेकायचा, परत बसायचा. नवी पोरं शिकतील म्हणून!

त्यानंतर बाजारहत्नूरकडच्या एका गावात प्रोग्राम होता. चालू गाण्यात दादाच्या हातातून पिक निसटली. वाकून शोधताना त्याचा तोल गेला.

आणि गायकसाहेब माइकवर बोलले, "माफ करा मंडळी, आमचे गिटारवाले आज जरा जास्तच घेऊन आले."

लोक हसले. टाळ्याही वाजवल्या.

नसांचा आजार गायकसाहेबांना माहीत होता. डॉक्टरचं सगळं दादानं त्यांना स्वतः सांगितलं होतं.

त्या दिवसापासून दादा दारुडा झाला. चहासुद्धा अर्धा कप पिणारा माझा दादा! पार्टीचा फोन बंद झाला. दुसरी पार्टीही बोलवेना. किराणा दुकानात लोक त्याचं तोंड हुंगल्यासारखं जवळ येऊन बोलायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या जयंतीला मी त्याला जबरदस्तीनं प्रोग्रामला नेलं. म्हटलं, घरात कुढत किती दिवस बसशील.

स्टेजवर गायकसाहेबांचा साळा, त्यांच्या बायकोचा भाऊ, उभा. गळ्यात लाल चकचकीत गिटार. गाणं सुरू झालं. काय गिटार वाजली! लोकांनी शिट्ट्या मारल्या.

दादानं माझा हात धरला. "बाई, त्याच्या हातात पाह्य. पातळ पिक आहे."

"मंग?"

"पातळ पिकमधून असा सूर निंगतच नाई. हा मी वाजवून राह्यलो."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग ऐकलं. तोच गोल सूर. आमच्या घरात पोहे खाऊन नेलेला. मागं लॅपटॉपवर ट्रॅक चालू, आणि साळा नुसता हात हलवतोय.

मी उठलेच. म्हटलं, "चल दादा, आत्ताच्या आत्ता स्टेजवर जाऊ. सगळ्यांसमोर सांगू."

दादा जागचा हलला नाही.

"काय सांगू, बाई? लोक म्हनतीन, पिऊन आला."

असं बांधून ठेवलं होतं तुम्ही त्याला, गायकसाहेब. त्याचा हात चोरला, आणि ओरडायला तोंडही ठेवलं नाही.

त्यानंतर दादानं गिटार काढली नाही. आजारानं तो नंतर गेला. आधी तुम्ही नेला.

आणि आज त्या श्रद्धांजलीच्या व्हिडिओमागं कोणाची गिटार वाजते आहे? दादाचीच! कमेंटमध्ये कोणी विचारलं, "गिटार कोणाची, जबरदस्त!" तर तुमचं उत्तर, "आमच्या साळेसाहेबांची."

लाज वाटू द्या हो थोडी.

आज संध्याकाळी घरी दादाच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन आहे. तुमचा फोन आला होता, दोन गाणी म्हणायला येतो म्हणून. या ना. जरूर या.

पण लॅपटॉप घरी ठेवून या. दादाची पिक मी त्याच्या फोटोसमोर ठेवणार आहे, सायकलच्या ट्यूबसकट. साळेसाहेबांना म्हणा, याच पिकनं वाजवून दाखवा. सगळ्यांसमोर.

जमत नसेल तर दादाचा हात सोडा. मेलाय तो. आता तरी सोडा.

दादा, जयभीम.

सगळ्यांनी वाचलं आता. तू पिऊन आला नव्हता.